राग मालकावर, फटका मालाला

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्ला गाड्यांच्या मागे एक स्टिकर सर्रास दिसू लागला. ‘इलॉन असा आहे हे कळायच्या आधी ही गाडी घेतली होती’, असा त्याचा मथितार्थ. इलॉन म्हणजे टेस्लाचे प्रमुख मस्क. गाडी पसंत, गाडीवाला नापसंत. विकायला काढावी तर तोटा, ठेवावी तर शेजारीपाजारी काय म्हणतील याची धास्ती. म्हणून हा चिकटवलेला खुलासा. त्याच वर्षी १५ जुलैला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. इथे चर्चा रंगली ती साठ लाखांच्या घरातल्या किमतीची आणि आयात शुल्काची. गाडी तीच, मालकही तोच.

कंपनीच्या प्रमुखाचं वागणं पटत नसेल तर तिचा माल घेणं सोडावं का? प्रश्न एकच वाटतो, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक, त्याच्या वागण्याशी गिऱ्हाइकाला काय देणंघेणं? दोन, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर त्या माणसाचं काही बिघडतं का? पहिल्या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात, दुसरा सहसा विचारतच नाहीत. या प्रकरणात भर दुसऱ्यावर आहे. बहिष्काराची झळ नेमकी कोणाला लागते हे एकदा समजलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही अनेकदा बदलतं.

१. वागणं म्हणजे कुठलं वागणं?

गल्लीतली पिठाची गिरणी घ्या. दळण उत्तम, भाव वाजवी. पण समजा, गिरणीवाला हाताखालच्या पोराला मारतो. किंवा गिरणीच्या दारातच एखाद्या समाजाबद्दल वाईटसाईट बोलतो. किंवा निवडणुकीत तुम्हाला न पटणाऱ्या उमेदवाराला वर्गणी देतो. किंवा घरी तो बायकोशी नीट वागत नाही, अशी नुसती कुजबुज आहे. चारही गोष्टी ‘मालकाचं वैयक्तिक वागणं’ या एकाच नावाखाली मोडतात, पण त्यांची जात वेगवेगळी आहे. पोराला मारणारा गिरणीवाला ती मारहाण गिरणीच्या आत, गिरणीचा मालक म्हणून करतो. तिथे ‘वैयक्तिक’ हा शब्दच चुकीचा आहे. कुजबुजीवरून दुसरी गिरणी शोधणं मात्र घाईचं ठरेल. खरी भांडणं होतात ती मधल्या दोन प्रकारांवर: जाहीर बोलणं आणि नागरिक म्हणून घेतलेली भूमिका.

म्हणून दोन साध्या गोष्टी आधी तपासाव्यात. त्या माणसाने हे करताना कंपनीची सत्ता, पैसा किंवा जागा वापरली का? आणि जे घडलं असं सांगितलं जातं ते सिद्ध झालंय, त्याने कबूल केलंय, की नुसता आरोप आहे?

हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागलं नाही. भूमिका देण्या-न देण्याची त्याची ताकद हेच त्याच्या अत्याचारांचं हत्यार होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रकरण उघड झालं आणि मार्च २०१८ मध्ये त्याच्या नावाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशी प्रकरणं भयंकर असतात, पण समजायला अवघड नसतात. अवघड प्रकरण पुढे आहे.

२. हजार डॉलरची देणगी

ब्रेंडन आइक या प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये जेमतेम दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा उभी केली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक वेबसाइटच्या पोटात ती असते. पुढे ते मोझिलाचे सहसंस्थापक झाले. फायरफॉक्स हा ब्राउझर याच संस्थेचा.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी घालणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ या प्रस्तावावर मतदान झालं. आइक यांनी प्रस्तावाच्या बाजूला १,००० डॉलर दिले. अमेरिकेत अशा देणग्यांची नोंद सार्वजनिक असते. २०१२ मध्ये ही नोंद लोकांच्या नजरेला आली, थोडा गदारोळ झाला आणि विरला. २४ मार्च २०१४ रोजी मोझिलाने त्यांना सीईओ नेमलं, तेव्हा मात्र तीच नोंद पुन्हा वर आली. संस्थेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी पायउतार व्हा असं जाहीरपणे सांगितलं. ३१ मार्चला जोडीदार जुळवणाऱ्या ओकेक्युपिड या वेबसाइटने फायरफॉक्सवरून येणाऱ्या प्रत्येकाला दुसरा ब्राउझर वापरण्याचं आवाहन दाखवलं. ३ एप्रिलला आइक यांनी राजीनामा दिला.

दहा दिवस. देणगी मात्र सहा वर्षांपूर्वीची, स्वतःच्या खिशातली. त्या प्रस्तावाच्या बाजूने कॅलिफोर्नियाच्या ५२ टक्के मतदारांनी मत दिलं होतं, आणि खुद्द बराक ओबामांनी समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला तो मे २०१२ मध्ये. संस्थेतल्या कोणाशी आइक भेदभावाने वागले, असा आरोप नव्हता. मोझिलात सर्वांना समान वागणूक मिळेल, असं आश्वासनही त्यांनी दिलं; देणगीबद्दल मात्र माफी मागितली नाही.

मग चूक कोणाची? इथे एक बाजू घेऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मोझिलाची रचना पाहिली की चित्र थोडं वेगळं दिसतं. मोझिला ही नफ्यासाठी चालणारी साधी कंपनी नाही. ती एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या मालकीची आहे आणि जगभरचे हजारो स्वयंसेवक फुकट काम करून तिचं सॉफ्टवेअर उभं करायला हातभार लावतात. ‘वेब सर्वांसाठी’ हे तिचं ब्रीद. अशा संस्थेच्या प्रमुखाचं मुख्य काम त्या स्वयंसेवकांना एकत्र बांधून ठेवणं. ज्यांचं लग्न बेकायदा ठरावं म्हणून त्याने पैसे दिले, त्यांच्याकडूनच फुकटचे श्रम मागायचे, ही अडचण खरी होती. हाच माणूस खासगी मालकीच्या सिमेंट कंपनीचा प्रमुख असता तर देणगीची चर्चा फार तर एखादा आठवडा चालली असती.

पण नैतिक राग किती लांब ताणायचा, याचं हसू आणणारं उदाहरणही याच प्रकरणात सापडतं. ओकेक्युपिडची वेबसाइट आइक यांच्याच जावास्क्रिप्टवर चालत होती. त्या भाषेवर बहिष्कार घालणं वेबसाइटला परवडणारं नव्हतं. शिवाय ओकेक्युपिडच्या एका संस्थापकाने २००४ मध्ये समलिंगी हक्कांना विरोध करणाऱ्या एका खासदाराला ५०० डॉलर दिल्याचंही लगेच बाहेर आलं.

३. पिझ्झातले पाऊण डॉलर

आता पैशाकडे. बहिष्कार घालणाऱ्याच्या मनातलं गणित साधं असतं: मी शंभर रुपये दिले नाहीत, म्हणजे त्याचे शंभर रुपये बुडाले. हे गणित जवळजवळ नेहमीच चुकतं.

जॉन श्नॅटर यांनी १९८४ मध्ये इंडियाना राज्यात, वडिलांच्या बारमधल्या झाडू ठेवायच्या खोलीत पिझ्झा भाजायला सुरुवात केली. त्यातून ‘पापा जॉन्स’ ही हजारो दुकानांची साखळी झाली. खोक्यावर श्नॅटर यांचा चेहरा, जाहिरातीत तेच, नावही त्यांचंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी मंदावलेल्या विक्रीचं खापर अमेरिकी फुटबॉल लीगवर फोडलं. कृष्णवर्णीय खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकत होते आणि लीगला तो प्रश्न हाताळता आला नाही, असं त्यांचं म्हणणं. टीका झाली, त्यांनी सीईओपद सोडलं, अध्यक्षपद ठेवलं. जुलै २०१८ मध्ये बातमी आली की मे महिन्यात जाहिरात संस्थेबरोबरच्या फोनबैठकीत त्यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत अपमानास्पद शब्द उच्चारला. ही बैठक असे वाद कसे टाळावेत याच्या सरावासाठी होती! शब्द उच्चारल्याचं श्नॅटर यांनी मान्य केलं. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगत होतो, असा त्यांचा खुलासा. त्याच दिवशी अध्यक्षपदही गेलं.

लोक पिझ्झा घेईनासे झाले. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत उत्तर अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची विक्री ९.८ टक्क्यांनी घसरली. या घसरणीचा पैसा कोणाच्या खिशातून गेला?

हिशेब करून पाहू. पापा जॉन्सची बहुतेक दुकानं फ्रँचायझी पद्धतीची. म्हणजे दुकान, भांडवल, नोकर आणि भाडं स्थानिक दुकानदाराचं; नाव आणि कृती कंपनीची. या नावाबद्दल दुकानदार विक्रीच्या साधारण ५ टक्के रॉयल्टी देतो. समजा एका कुटुंबाने १५ डॉलरचा पिझ्झा घेतला नाही. कंपनीची रॉयल्टी बुडाली ७५ सेंट, अधिक पीठ-सॉसच्या पुरवठ्यावरचा थोडा नफा. श्नॅटर यांच्याकडे कंपनीचे सुमारे ३० टक्के शेअर. ती सगळी रॉयल्टी निव्वळ नफा मानली (ती नसते), तरी त्यांच्या वाट्याचं नुकसान साडेबावीस सेंट. उरलेले चौदा डॉलर दुकानदाराचे, चीजवाल्याचे, घरमालकाचे आणि पिझ्झा पोहोचवणाऱ्या पोरांचे, ज्यांनी कोणाला शिवी दिली नव्हती. शेवटी कंपनीला फ्रँचायझींच्या रॉयल्टीत सूट द्यावी लागली.

यावर एक आडवळणाचा प्रसंग. श्नॅटर यांनी अध्यक्षपद सोडल्यावर पीडा टळली या समजुतीने शेअर एका दिवसात सुमारे ११ टक्क्यांनी वधारला. सर्वात मोठे भागधारक कोण? श्नॅटर. राजीनाम्यामुळे त्यांच्या संपत्तीत कागदावर सुमारे ५ कोटी डॉलरची भर पडली. खुर्ची जाणं आणि पैसा जाणं या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

कंपनी सावरली ती खोक्यावरचा चेहरा काढून. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्टारबोर्ड या गुंतवणूक संस्थेने २० कोटी डॉलर घातले, आणि पुढच्या महिन्यात बास्केटबॉलपटू शकील ओनील संचालक मंडळावर आला. एका चेहऱ्याने झालेलं नुकसान दुसऱ्या चेहऱ्याने भरून काढायचं, असा तो बेत.

४. खुर्ची कोण हलवू शकतं?

वरच्या हिशेबावरून वाटेल की बहिष्कार म्हणजे निव्वळ समाधानाचा खेळ. तसं नाही. तो पैशापेक्षा वेगळ्या वाटेने काम करतो. ब्रेडन किंग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९९० ते २००५ या काळातल्या, मोठ्या वृत्तपत्रांनी दखल घेतलेल्या बहिष्कारांचा अभ्यास केला. सुमारे चौथ्या हिश्शात कंपनीने काहीतरी माघार घेतली होती. माघारीमागे विक्रीतल्या घटीपेक्षा नाव खराब होण्याची भीती जास्त होती. बातमी जितके दिवस चालते, तितके दिवस शेअरचा भाव कुरतडला जातो, नवी माणसं नोकरीला यायला कचरतात, भागीदार करार लांबवतात. म्हणजे ग्राहक प्रत्यक्षात दबाव आणतो तो मालकाला ज्याची भीती वाटते त्या कोणावर तरी. तसा कोणी आहे का, हाच कळीचा प्रश्न.

उबर ही या बाबतीत नमुनेदार कथा. २८ जानेवारी २०१७ रोजी, अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी केनेडी विमानतळावरची भाडी तासभर थांबवली. उबरने त्याच संध्याकाळी तिथली वाढीव भाडी बंद केल्याचं जाहीर केलं. संप फोडला, असा लोकांचा समज झाला. शिवाय प्रमुख ट्रॅव्हिस कॅलनिक ट्रम्प यांच्या सल्लागार परिषदेवर होतेच. दोन लाखांहून अधिक लोकांनी खाती काढून टाकल्याची बातमी आली. खाती बंद करण्याच्या विनंत्या इतक्या आल्या की ते काम आपोआप करणारी यंत्रणा उबरला नव्याने बसवावी लागली. पाचव्या दिवशी कॅलनिक यांनी परिषद सोडली. मग फेब्रुवारीत माजी अभियंता सुझन फाउलर यांनी कंपनीतल्या लैंगिक छळाबद्दल सविस्तर लिहिलं, आणि पाठोपाठ कॅलनिक उबरच्याच एका चालकावर खेकसत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. जूनमध्ये पाच मोठ्या गुंतवणूकदारांनी राजीनामा मागितला आणि तो मिळाला.

हे जमलं कशामुळे? पहिली गोष्ट, पर्याय फोनवर एका बोटाच्या अंतरावर होता: लिफ्ट ही प्रतिस्पर्धी टॅक्सीसेवा. दुसरी, उबरला पुढे शेअर बाजारात उतरायचं होतं आणि तिच्यामागे उभे असलेले गुंतवणूकदार बातम्या वाचत होते. २०१९ च्या शेअर विक्रीच्या दस्तऐवजात कंपनीने स्वतःच नोंदवलं, की २०१७ च्या त्या मोहिमेत काही दिवसांतच लाखो ग्राहकांनी सेवा वापरणं थांबवलं. तिसरी गोष्ट कमी बोलली जाते: जाणाऱ्यांनी कारण सांगितलं. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं, की नाराज ग्राहकापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. गुपचूप निघून जाणाऱ्याची नोंद कंपनी ‘स्पर्धा वाढली’ अशी करते. बहिष्कार म्हणजे निघताना दार वाजवून जाणं.

टेस्लाची गोष्ट याच्या अगदी उलट, म्हणून जास्त बोलकी. इलॉन मस्क यांनी २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्यासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, जर्मनीतल्या अतिउजव्या पक्षाला जाहीर पाठिंबा दिला, सरकारी नोकऱ्या छाटण्याची मोहीम अंगावर घेतली. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने ३,३६,६८१ गाड्या ग्राहकांना दिल्या. आदल्या वर्षी याच तिमाहीत ३,८६,८१० दिल्या होत्या. तेरा टक्क्यांची घट. नफा ७१ टक्क्यांनी आटला. युरोपीय संघात विजेवरच्या गाड्यांची एकूण विक्री वाढत असताना टेस्लाची सुमारे ४५ टक्क्यांनी पडली.

सगळं बहिष्कारामुळे? नाही. त्याच तिमाहीत मॉडेल वायची नवी आवृत्ती आणण्यासाठी कारखान्यांतल्या उत्पादनरेषा बदलल्या जात होत्या, आणि बीवायडीसारख्या चिनी कंपन्या स्वस्त गाड्या घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणून येल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी वेगळी युक्ती केली. डेमोक्रॅट मतदार जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या भागांतली विक्री त्यांनी ताडून पाहिली. चिनी स्पर्धा किंवा जुनं मॉडेल हे सर्वांना सारखंच. फरक पडला तर तो राजकारणाचा. त्यांचा अंदाज: मस्क यांच्या राजकीय वागण्यामुळे ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात अमेरिकेत टेस्लाच्या १० ते १२.६ लाख गाड्या कमी खपल्या. रुसलेले बरेच ग्राहक दुसऱ्या कंपन्यांच्या विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांकडे गेले.

एवढं होऊनही खुर्ची हलली नाही. टेस्लाचा भाव आजच्या गाड्यांवर कमी आणि मस्क यांनी सांगितलेल्या उद्याच्या रोबोंवर जास्त उभा आहे. ग्राहक जायला तयार होते, पण भागधारकांना भीती होती ती मस्क जातील याची. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७५ टक्क्यांहून अधिक मतांनी भागधारकांनी त्यांना, ठरलेली उद्दिष्टं गाठल्यास, एक लाख कोटी डॉलरपर्यंतचे शेअर देण्याचा प्रस्ताव मंजूर केला.

५. उलटी लाट

जुलै २०२० मध्ये गोया फूड्सचे प्रमुख रॉबर्ट उनान्वे व्हाइट हाउसमध्ये गेले आणि ट्रम्प यांच्यासारखा नेता मिळाल्याबद्दल त्यांनी देशाला भाग्यवान म्हटलं. गोया म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिनो घरांतला राजमा, तांदूळ, मसाले. स्थलांतरितांबद्दल ट्रम्प जे बोलत होते ते ऐकलेल्या ग्राहकांचा संताप झाला, बहिष्काराची हाक उठली. लगेच पलीकडून ‘गोयाच घ्या’ ही हाक आली. इव्हान्का ट्रम्प यांनी राजम्याचा डबा हातात धरून फोटो काढला.

कोण जिंकलं? संशोधकांनी दुकानांतल्या खरेदीच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की विक्री पडली नव्हती. उलट काही काळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती. वाढ रिपब्लिकन भागांत जास्त, आणि त्यात पहिल्यांदाच गोया घेणारे पुष्कळ. पण तीन आठवड्यांत सगळं पूर्वपदावर. ज्यांनी निषेध म्हणून राजमा घेतला त्यांना राजमा आवडत होता असं थोडंच आहे! आणि ज्या लॅटिनो घरांत आजीपासून हाच डबा येत होता, त्यांनी समाजमाध्यमावर काहीही म्हटलं तरी स्वयंपाकघरात तोच डबा राहिला. हाताची सवय मोडणं मत बदलण्याहून कठीण.

चिक-फिल-ए या चिकन सँडविचवाल्या साखळीचं २०१२ मध्ये तर उलट भलंच झालं. प्रमुख डॅन कॅथी समलिंगी विवाहाविरुद्ध बोलले, बहिष्काराची हाक आली आणि बोस्टन-शिकागोतल्या राजकारण्यांनी ‘आमच्या शहरात दुकान नको’ असं म्हणून त्या हाकेचा विचका केला. बहिष्कार ग्राहकाचा असतो तोवर तो निवड असतो. सरकारी माणूस परवान्याची भाषा करू लागला की ती दांडगाई होते. समर्थकांनी १ ऑगस्टला ‘कौतुक दिन’ पाळला, दुकानांबाहेर रांगा लागल्या, आणि त्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे १४ टक्क्यांनी वाढली. कंपनी कुटुंबाच्या मालकीची. कॅथींना हटवू शकेल असा कोणी बाहेरचा गुंतवणूकदार नव्हताच. गोयाही कौटुंबिकच.

६. नेम चुकतो तेव्हा

एप्रिल २०१७ मध्ये भारतात एक अजब प्रकार झाला. स्नॅपचॅटच्या एका माजी कर्मचाऱ्याने अमेरिकेतल्या खटल्यात आरोप केला, की प्रमुख इव्हान स्पीगेल एका बैठकीत म्हणाले होते, हे ॲप श्रीमंतांसाठी आहे, भारतासारख्या गरीब देशांत त्याचा विस्तार करायचा नाही. कंपनीने हे साफ नाकारलं. सूडबुद्धीने केलेला आरोप म्हटलं. पण तोवर हजारो भारतीय संतापून ॲपला एक तारा देत होते. त्या घाईत अनेकांनी स्नॅपडील उडवलं! नावाची सुरुवात तेवढी सारखी. एक अमेरिकन फोटो ॲप, दुसरं दिल्लीकडचं ऑनलाइन दुकान. आपण स्नॅपचॅट नाही असा खुलासा करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं, अशा आशयाची हताश टिप्पणी स्नॅपडीलच्या संस्थापकांना करावी लागली.

बिचाऱ्या स्नॅपडीलला हा अनुभव नवा नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांनी देशातल्या वातावरणाबद्दल एका समारंभात मत मांडलं. ते स्नॅपडीलच्या जाहिरातीत होते, एवढ्यावरून लोकांनी ॲप काढून टाकायला सुरुवात केली. हे त्यांचं व्यक्तिगत मत आहे, असं कंपनीने सांगून पाहिलं. जाहिरातीचा करार पुढे वाढवला गेला नाही.

अशा वेळी आपल्याकडे हमखास निघणारा प्रश्न कायद्याचा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, मग कंपनीवर बहिष्कार टाका म्हणणं गुन्हा का नाही? कारण तो कायदा जातपंचायतींनी माणसांना आणि कुटुंबांना वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. साबण बदलणं, ॲप काढणं, ‘तुम्हीही काढा’ असं सांगणं, ही ग्राहकाची मुखत्यारी. मात्र खोटा आरोप पसरवला तर बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि दुकानाच्या काचा फोडल्या तर तो बहिष्कार राहत नाही.

७. संपतो कधी?

बहिष्कार सुरू करणारे पुष्कळ असतात. तो कधी संपवायचा, हे सुरुवातीलाच सांगणारे विरळा.

सप्टेंबर २०१३ मध्ये पास्ता बनवणाऱ्या बरिला कंपनीचे अध्यक्ष गुइदो बरिला इटलीतल्या रेडिओवर म्हणाले, आम्ही जाहिरातीत समलिंगी कुटुंब दाखवणार नाही. पटत नसेल तर दुसरा पास्ता खा. लोकांनी सल्ला मानला. काही दिवसांतच बरिला यांनी माफी मागितली; टीकाकारांना भेटले, सल्लागार मंडळ नेमलं, कंपनीचे नियम बदलले. समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणारी अमेरिकेतली संस्था ‘ह्यूमन राइट्स कँपेन’ हिने २०१४ च्या शेवटी बरिलाला आपल्या निर्देशांकात शंभरपैकी शंभर गुण दिले. अध्यक्ष तेच, आडनाव तेच. मागणी ‘याला काढा’ अशी असती तर कौटुंबिक कंपनीत ती बहुधा भिंतीवर आपटली असती. ‘वागणं बदला’ ही मागणी पुरी होण्यासारखी होती.

माफी मिळाली आणि तरी प्रकरण मिटलं नाही, असं उदाहरण त्याहून जुनं. हेन्री फोर्ड यांनी १९१८ मध्ये ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे साप्ताहिक विकत घेतलं. मे १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला सुरू झाली आणि ती ९१ आठवडे चालली. वर्गणीदार मिळवायचं काम मोटारविक्रेत्यांच्या गळ्यात. अमेरिकेतल्या ज्यूंनी फोर्डची गाडी घेणं सोडलं. काही शहरांत विक्रेतेच गयावया करू लागले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधणारे वकील आरन सपायरो यांनी बदनामीचा खटला भरला. १९२७ च्या उन्हाळ्यात फोर्ड यांच्या नावाने जाहीर माफीपत्र निघालं. मजकूर लिहिला होता ज्यू समाजाचे नेते लुई मार्शल यांनी. फोर्डकडून एका शब्दाचाही बदल आला नाही. वर्षाच्या शेवटी साप्ताहिक बंद पडलं. त्याच डिसेंबरमध्ये कंपनी नवं ‘मॉडेल ए’ बाजारात आणत होती, शेवरले तिला मागे टाकत होती, आणि अशा वेळी गिऱ्हाइकं दुखावून चालणार नव्हतं. माफीत पश्चात्ताप किती आणि व्यापार किती, याचा निवाडा अकरा वर्षांनी फोर्ड यांनी स्वतःच करून टाकला: जुलै १९३८ मध्ये, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी हिटलरच्या सरकारकडून मानचिन्ह स्वीकारलं. बहिष्काराची हाक पुन्हा उठली, आणि फोर्ड १९४७ मध्ये वारल्यानंतरही कित्येक ज्यू कुटुंबांत त्यांची गाडी वर्ज्य राहिली.

कंपनी नातवाच्या, दुसऱ्या हेन्री फोर्डच्या हाती आली. त्याने आजोबांचा वारसा पुसायचा नेटाने प्रयत्न केला, ज्यू संस्थांशी संबंध जोडले, आणि १९६६ मध्ये इस्रायलमधल्या विक्रेत्याला फोर्डचे ट्रक आणि ट्रॅक्टर तिथेच जुळवण्याचा परवाना दिला. त्याच वर्षी अरब लीगने फोर्ड कंपनीला काळ्या यादीत टाकलं, आणि तो बहिष्कार जवळपास दोन दशकं चालला.